तारिमच्या शेवटच्या टप्प्यातली हिरवळ मोजताना : प्रकल्प नोंदी

६ जानेवारी २०२४

काम ठरलं. चीनच्या शिनजियांगमधली तारिम नदी समुद्राला मिळत नाही, वाळवंटातच संपते. मुख्य प्रवाहाची लांबी १,३२१ किलोमीटर. १९७२ मध्ये खालच्या भागात दाशिहाइझी जलाशय झाला आणि त्याखालचं सुमारे ३२० किलोमीटरचं पात्र कोरडं पडलं. टोकाचं तैतेमा सरोवरही आटलं. पात्राच्या दोन्ही काठांनी युफ्रेटिस पॉपलरची झाडं (चिनी नाव हुयांग) आणि टॅमॅरिस्कची झुडपं यांचा पट्टा होता. तकलामाकान आणि कुमताग या दोन वाळवंटांना वेगळं ठेवणारी एवढी एकच हिरवी रेघ, तीही सुकू लागली. मग मे २००० पासून जलाशयातून मुद्दाम पाणी सोडायला सुरुवात झाली.

माझा प्रश्न साधा आहे: पाणी सोडल्यावर हिरवळ परतली का, आणि पात्रापासून किती अंतरापर्यंत?

साधनं: लँडसॅट या अमेरिकी उपग्रहमालिकेची १९८६ ते २०२३ ची उन्हाळी चित्रं, गूगल अर्थ इंजिन (उपग्रहचित्रांवर ऑनलाइन गणित करायची सोय), क्यूजीआयएस (नकाशांचं सॉफ्टवेअर) आणि साधा लॅपटॉप. पैसे शून्य. वेळेचा अंदाज: तीन शनिवार-रविवार. (हा अंदाज मुद्दाम खोडत नाही, असाच राहू दे.)

९ जानेवारी

पहिला आलेख काढला आणि हिरमोड झाला. तयार मिळणारी खोऱ्याची हद्द घेतली, तिच्यात दरवर्षीचा सरासरी एनडीव्हीआय काढला (हिरवळीचा निर्देशांक: नियर इन्फ्रारेड वजा लाल, भागिले दोन्हींची बेरीज). अडतीस वर्षांची रेघ जवळपास सपाट.

कारण कळायला पाच मिनिटं पुरेशी होती, मी संध्याकाळ घालवली. खोरं सुमारे दहा लाख चौरस किलोमीटरचं आहे आणि त्यातलं बहुतेक वाळू नाहीतर उघडा डोंगर. मला हवा असलेला पट्टा ३२० किलोमीटर लांब आणि दोन्ही बाजूंना दोन-दोन किलोमीटर रुंद धरला तर १,२८० चौरस किलोमीटर, म्हणजे खोऱ्याच्या हजारातला जेमतेम सव्वा भाग. पट्टा सगळा करपला असता तरी सरासरीला कळलं नसतं.

शिवाय जे थोडं हलताना दिसत होतं ते वरच्या भागातल्या कापसामुळे. त्याचं पुढे येईलच.

ठरलं असं: खोऱ्याची सरासरी बंद. पात्रापासून अंतराचे पट्टे पाडायचे: ०–५०० मीटर, ५००–१०००, १ ते २ किलोमीटर, २ ते ४ आणि तुलनेला ८ ते १०.

१४ जानेवारी

पट्टे पाडायचे तर पात्राची रेघ हवी. हायड्रोशेड्स या तयार नदी-नकाशातली रेघ उतरवली. ती फेब्रुवारी २००० मधल्या शटल रडार मोहिमेच्या उंचीच्या आकड्यांवरून काढलेली आहे. डोंगराळ भागात झकास. इथे जमीन इतकी सपाट की रेघ टेकाडांमधून भलतीकडे निघून जाते. काही ठिकाणी खऱ्या पात्रापासून कित्येक किलोमीटर लांब. त्या रेघेवरून ५०० मीटरचा पट्टा पाडणं म्हणजे शेजारच्या गावात जाऊन आपल्या घराचं मोजमाप घेणं.

हाताने काढायला बसलो. पाणी सोडलेल्या काळातलं चित्र घेतलं, शॉर्टवेव्ह इन्फ्रारेड बँड (बँड म्हणजे उपग्रह वेगळा मोजतो तो प्रकाशाचा एक पट्टा) लाल रंगात लावला. त्यात पाणी काळंशार दिसतं आणि पात्र आपोआप उठून येतं. पात्रं दोन आहेत हेही तेव्हाच नीट दिसलं: एक जुनी तारिम, दुसरी चिवेनकुओर. अलागानजवळ ती एकत्र येतात. मी आधी एकच काढली होती, त्यामुळे दुसरीच्या काठची झाडं “पात्रापासून दूरची” ठरत होती.

एकूण नऊ तास. त्यातले दोन वाया, कारण लेयर तात्पुरता होता, सेव्ह केलाच नव्हता आणि लॅपटॉप बंद पडला. क्यूजीआयएसमध्ये तात्पुरत्या लेयरपुढे एक छोटं चिन्ह दिसतं. ते शोभेचं नाही.

२१ जानेवारी

आज दिवसभर खूश होतो आणि रात्री नऊला उतरलो.

आलेखात २०१३ पासून एकदम बदल आला. दूरच्या वाळूचा एनडीव्हीआय वर चढलेला, काठचा खाली आलेला. मनात लगेच गोष्ट तयार झाली: भूजल बाहेरच्या बाजूला पसरलं, काठावर मात्र काहीतरी बिघडलं. अर्धं पान लिहूनही ठेवलं होतं.

प्रत्यक्षात २०१३ ला लँडसॅट ८ ची चित्रं सुरू होतात, एवढंच. लँडसॅट ५ आणि ७ मध्ये लाल बँड तिसरा आणि नियर इन्फ्रारेड चौथा. ८ आणि ९ मध्ये लाल चौथा, नियर इन्फ्रारेड पाचवा. माझा कोड सगळ्यांना “चौथा वजा तिसरा” लावत होता. म्हणजे २०१३ नंतर मी लाल वजा हिरवा मोजत होतो. वाळू लालसर असते, तिचं उत्तर धनच येतं. झाडाची पानं लाल प्रकाश शोषतात, त्यांचं शून्याच्या आसपास किंवा खाली. वाळवंट हिरवं आणि जंगल उजाड, आणि आकडे मात्र पटण्याजोगे! शून्य किंवा दहा हजार आलं असतं तर लगेच सापडलं असतं.

आता प्रत्येक उपग्रहाचं चित्र आत आल्याआल्या बँडला नाव देतो: हिरवा, लाल, नियर, स्वर एक (शॉर्टवेव्ह इन्फ्रारेडचा पहिला बँड). पुढे कोडमध्ये कुठेही क्रमांक नाही. लिहिलेलं अर्धं पान फाडलं.

२७ जानेवारी

दुसरी चूक जुन्या स्क्रिप्टमधून उचलून आणलेली. तिच्यात पिक्सेलचे कच्चे आकडे, गुणकाने परावर्तित प्रकाशाच्या प्रमाणात न बदलता, थेट सूत्रात घातले होते. “भागाकारच आहे, गुणक वरखाली कटून जातो” असं मीही मानलं. लँडसॅटच्या जुन्या कलेक्शनमध्ये (चित्रसंचाच्या आधीच्या आवृत्तीत) ते चालायचं, तिथे गुणक फक्त ०.०००१ होता. कलेक्शन २ मध्ये गुणक ०.००००२७५ आहे आणि वर ०.२ वजाही करावे लागतात. गुणक कटतो, वजाबाकी कटत नाही.

समजा लाल १५,००० आणि नियर १८,००० आहे. कच्च्या आकड्यांवर: ३,००० भागिले ३३,०००, म्हणजे ०.०९. नीट रूपांतर केलं तर लाल ०.२१२५, नियर ०.२९५ आणि उत्तर ०.१६. हिरवळ जवळजवळ निम्म्यावर दाबली जाते. घनदाट जंगलात कुणी ०.८ ऐवजी ०.५ पाहिलं तर त्याला शंका येईल. इथे सगळा खेळच ०.०८ ते ०.३ मधला, त्यात काय शंका येणार?

त्याच स्क्रिप्टमधला ढगांचा मास्कही (ढगाळ पिक्सेल वगळणारा भाग) जुना होता. पूर्वी ढगाची खूण ठेवणारा बिट पाचवा होता, आता तिसरा आहे आणि पाचवा हिमाचा. म्हणजे मी भर उन्हाळ्यात काळजीपूर्वक बर्फ काढत होतो.

४ फेब्रुवारी

सगळ्या पट्ट्यांचे आकडे सारखे यायला लागले. ०–५०० मीटर आणि ८–१० किलोमीटर, दोन्हीकडे जवळपास तेच. इतकी समता निसर्गात नसते.

अर्थ इंजिनमध्ये बऱ्याच चित्रांचं एक कंपोझिट (एकत्रित चित्र) केलं की त्याचं मूळ प्रोजेक्शन (पिक्सेल जमिनीवर बसवायची मांडणी) हरवतं आणि पिक्सेल एक अंशाचा धरला जातो. इथल्या अक्षांशावर तो साधारण १११ बाय ८५ किलोमीटर. मी सरासरी काढताना स्केल (पिक्सेलचा आकार) दिलंच नव्हतं. एकाच महाकाय पिक्सेलमध्ये माझे पाचही पट्टे. स्केल ३० मीटर लिहिलं आणि प्रश्न मिटला.

जोडीला एक सवय सोडली. “पिक्सेल फार झाले” असा एरर आला की मी “बेस्ट एफर्ट” चालू करायचो. त्याने एरर जातो, पण इंजिन गुपचूप स्केल मोठं करून घेतं. एररच बरा. कमाल पिक्सेलची मर्यादा वाढवावी, नाहीतर पट्ट्याचे तुकडे करावेत. मी आठ तुकडे केले आणि प्रत्येक वेगळा एक्सपोर्ट केला. रात्री लावून झोपायचं, सकाळी आकड्यांची सीएसव्ही फाइल तयार.

११ फेब्रुवारी

या कामातला सगळ्यात महाग धडा. यात सलग तीन आठवड्यांचं काम गेलं.

दरवर्षी जुलै ते सप्टेंबरमधल्या चित्रांतून प्रत्येक पिक्सेलचा कमाल एनडीव्हीआय घेत होतो. सगळेच घेतात, ढग, धूळ आपोआप गळतात. आलेख देखणा आला, हिरवळ वर्षागणिक चढती. अशा कामांत मुरलेल्या एका मैत्रिणीला पाठवला. तिने उलट विचारलं, “तू झाडं मोजतोयस की उपग्रह?”

मला कळेना. ती म्हणाली, “दरवर्षी किती चित्रं होती ते शेजारच्या अक्षावर काढ.”

काढली. सुरुवातीच्या वर्षांत एका पिक्सेलला उन्हाळ्यात दोन-तीन धड चित्रं, एखाद्या वर्षी एकच. पुढे दोन उपग्रह एकाच वेळी असलेल्या वर्षांत दहाच्या घरात. एक उपग्रह सोळा दिवसांनी परत येतो, दोन असले की आठ दिवसांनी. फासा दोनदा टाकून मिळालेला सगळ्यात मोठा आकडा आणि दहा वेळा टाकून मिळालेला सगळ्यात मोठा आकडा, दुसराच मोठा असणार. माझा चढता आलेख बऱ्याच अंशी चित्रांच्या संख्येचा आलेख होता. खात्री करायला ८–१० किलोमीटरवरची निव्वळ वाळू पाहिली. तिथेही “हिरवळ” वाढत होती!

दुरुस्ती: कमाल सोडून मीडियन (क्रमाने लावल्यावर मधलं येणारं मूल्य). शिवाय जास्त चित्रांच्या वर्षांतून यादृच्छिक तीनच चित्रं निवडून वीस वेळा गणित केलं आणि उत्तर किती हलतं ते पट्टीने दाखवलं. एकच चित्र असलेली वर्षं पोकळ वर्तुळाने. वाळूची रेघ आडवी झाली, तेव्हा कुठे जीव भांड्यात पडला.

ही वाळूची रेघ आता प्रत्येक आलेखात ठेवतो. ती हलली की बाकी काही वाचायचंच नाही.

१८ फेब्रुवारी

२०१२ चं काय करायचं? लँडसॅट ५ चं मुख्य उपकरण नोव्हेंबर २०११ मध्ये थांबलं आणि ८ ची चित्रं २०१३ पासून. मध्ये फक्त ७. आणि त्याचा स्कॅन लाइन करेक्टर (चित्राच्या ओळी नीट जुळवणारा भाग) ३१ मे २००३ ला बिघडलेला, प्रत्येक चित्रातला सुमारे २२ टक्के भाग काळ्या पट्ट्यांत जातो. मधला भाग ठीक, कडेला पट्टे रुंद. माझा नदीचा तुकडा नेमका कडेला येतो.

पट्ट्यांमधल्या जागा आजूबाजूच्या पिक्सेलवरून भरून पाहिल्या. ३० मीटर रुंद झाडोऱ्याच्या रेघा अशा “भरून” येत नाहीत, दोन्हीकडची वाळू मध्ये पसरते. सोडून दिलं. २०१२ आलेखात नाही. लँडसॅट ७ फक्त १९९९ ते २००२ च्या उन्हाळ्यांपुरता वापरला. दोन संध्याकाळी गेल्या, पश्चात्ताप नाही.

३ मार्च

तैतेमा सरोवराकडे वळलो आणि ते गायबच. कंपोझिटमध्ये तळाच्या जागी भोक.

मास्क काढून एकेक चित्र उघडलं. मिठाचा पांढरा थर इतका चकाकतो की ढग ओळखणारं गणित त्याला ढग समजतं. ही मर्यादा त्या गणिताच्या कागदपत्रांतही लिहिलेली आहे, पण कागदपत्रं आपण नंतर वाचतो. वर्षभर एकाच जागी, एकाच आकाराचा, काठ न बदलणारा ढग पाहून मला हसू आलं.

उपाय तापमानाचा. ढग गार असतो, जुलैतली जमीन तापलेली. थर्मल बँडवरून (कच्चा आकडा गुणिले ०.००३४१८०२, अधिक १४९, उत्तर केल्विनमध्ये) ज्या पिक्सेलवर “ढग” असूनही तापमान २९५ केल्विनच्या वर आहे ते परत घेतले. हा उंबरठा मी वीसेक चित्रं डोळ्यांनी पाहून ठरवलाय, त्याला शास्त्र म्हणू नका. पातळ ढग यातून निसटतात. सरोवराच्या तळापुरताच वापरतो, झाडांच्या पट्ट्यात नाही.

धुळीला मात्र उपाय मिळाला नाही. वसंतात इथे धूळ उठते आणि मास्क तिला पकडत नाही; चित्र नुसतं दुधाळ पिवळट दिसतं. म्हणूनच जुलैच्या आधीची चित्रं हिरवळीसाठी घेत नाही.

जाता जाता: ईशान्येला लोप नूरचा कोरडा तळ याच चित्रांत दिसतो, मिठाच्या एकात एक कडा, हुबेहूब माणसाचा कान. अर्धा तास नुसता बघत बसलो. नोंद म्हणून लिहितोय, वेळ कुठे जातो ते कळावं.

१० मार्च

तैतेमाचं पाणी एमएनडीडब्ल्यूआय या पाण्याच्या निर्देशांकाने मोजलं (हिरवा वजा स्वर एक, भागिले बेरीज). २००० नंतर पाणी दिसतं, सोडलेल्या पाण्याच्या वर्षांशी ताळा घालायला गेलो तर काही वर्षं जुळेनात.

नकाशा जरा मोठा करून पाहिला. नैऋत्येकडून चेर्चेन नदीही याच सरोवरात येते. ती वेगळ्या डोंगरातून येते, तिचा पूर वेगळा. सरोवर भरलं म्हणजे तारिमचं पाणी पोचलं असं म्हणता येत नाही. सरोवराचा आलेख मुख्य निष्कर्षातून काढून बाजूला ठेवला. वाईट वाटलं, कारण लोकांना दाखवायला तोच सगळ्यात सुंदर होता.

७ एप्रिल

कापूस. जलाशयाच्या आसपास आणि वरच्या अंगाला शेतं आहेत आणि ऑगस्टमधला कापूस उपग्रहाला पॉपलरपेक्षा कितीतरी हिरवा दिसतो. काठची झाडं मरून तिथे शेत झालं तर माझा आलेख “परिस्थिती सुधारली” म्हणेल. अशा प्रकल्पात याहून लाजिरवाणी चूक नाही.

तारखांनी वेगळं करता येतं. कापूस एप्रिलमध्ये पेरतात. मेमध्ये शेत उघडं, ऑगस्टमध्ये गच्च. पॉपलरला मेमध्येही पानं असतात, चढ सौम्य. ऑगस्ट वजा मे हा फरक मोठा असेल तो पिक्सेल शेत. जुन्या वर्षांत मेची चित्रं पुरेशी नाहीत, तिथे हातानेच बहुभुज काढले. शेताच्या कडा सरळ असतात, जंगलाच्या नसतात. एकदा शेत झालेला पिक्सेल सगळ्या वर्षांतून काढला.

१४ एप्रिल

ओल्या मातीचा त्रास. पाणी ओसरल्यावर माती काळपट होते आणि एकही पान न फुटता एनडीव्हीआय थोडा वर जातो. मातीसाठी दुरुस्त केलेला निर्देशांक एसएव्हीआय (मातीचा गुणांक एल = ०.५) लावला, सुधारणा झाली, पूर्ण नाही. मग पानं फुटण्याआधीची फेब्रुवारी-मार्चमधली जी धड चित्रं मिळाली त्यांचं मूल्य पाया धरून उन्हाळ्यातून वजा केलं. उरतं ते बहुतांशी पानांचं. ज्या वर्षी पायाचं चित्र नाही, त्या वर्षी शेजारच्या दोन वर्षांची सरासरी.

२८ एप्रिल

मान-केंडल चाचणी (काळानुसार सलग चढ किंवा उतार आहे का ते तपासणारी) १९८६ ते २०२३ सगळ्यावर चालवली. उत्तर: कल नाही. आधी उतार, मग चढ. दोन्ही एकमेकांना खातात. २००० ला तोडून दोन तुकडे वेगवेगळे तपासले. काठच्या ५०० मीटरमध्ये नंतरच्या तुकड्यात स्पष्ट चढ. ५०० ते १००० मध्ये चढ आहे पण कमी आणि उशिरा. २ किलोमीटरच्या पुढे रेघ वाळूच्या रेघेपासून वेगळी काढता येत नाही. जलाशयाजवळचे तुकडे अलागानखालच्या तुकड्यांच्या आधी उठतात. पाणी ज्या क्रमाने पोचलं त्याच क्रमाने.

१९ मे

अधिक बारीक चित्रांशी पडताळणी. दीडशे ठिकाणं यादृच्छिक निवडली, प्रत्येक ठिकाणी लँडसॅटचा एक पिक्सेल म्हणजे ९०० चौरस मीटर.

एक ठिकाण लक्षात राहिलं. खालच्या पात्रावरच्या यिंगसूच्या बाजूला जुन्या वळणाचा सुटलेला तुकडा आहे, चंद्रकोरीसारखा. माझ्या आलेखात तिथे मोठा चढ. बारीक चित्रात पिक्सेलमध्ये तीनच झाडं, पण प्रत्येकाची सावली लांब आणि भरीव. शंभर मीटरवरच्या दुसऱ्या पिक्सेलमध्ये तसाच चढ, तिथे मात्र एकही झाड नाही, खाली बारीक ठिपक्यांची गर्दी: टॅमॅरिस्क किंवा नळगवत. आकडा एकच, अर्थ निराळा.

आणखी एक गोष्ट उपग्रह सांगत नाही. जुन्या झाडाला पुन्हा पानं फुटली की नवं रोप उगवलं, एनडीव्हीआयला दोन्ही सारखंच. या पॉपलरचं बी फार दिवस टिकत नाही, त्याला उन्हाळ्यात पूर ओसरलेला ओला गाळ लागतो. पाणी फक्त पात्रातून वाहिलं तर मुळांना भूजल मिळतं, म्हातारी झाडं जगतात, पण रोपं येत नाहीत. म्हणून निष्कर्षात “जंगल वाढलं” हे शब्द नाहीत. “काठची हिरवळ वाढली” एवढंच.

२ जून

हिशेब: २१ आठवडे, साधारण १७० तास. त्यातले फुकट गेलेले ७० तरी. सगळ्यात जास्त कमाल कंपोझिटमध्ये.

उरलेलं काम: पात्राबाहेर पाणी पसरलेल्या जागा वर्षवार काढायच्या आणि चार-पाच वर्षांनी तिथे हिरवळ कशी आहे ते पाहायचं. त्यासाठी सेंटिनेल-२ या युरोपीय उपग्रहांची १० मीटरची चित्रं घेईन. उतरवतानाच दिसलं की २५ जानेवारी २०२२ पासूनच्या चित्रांत आकड्यांना १,००० चा ऑफसेट जोडलेला आहे. या वेळी आधी वाचलं.